विद्यार्थ्यांचे शरीरस्वास्थ्य : जबाबदारी कुणाची?

महाविद्यालयात प्रवेश घेताना विद्यार्थ्याच्या हाती शुल्काची जी पावती पडते, तिच्यात ग्रंथालय, प्रयोगशाळा, परीक्षा यांच्याबरोबरीने जिमखान्याचाही एक रकाना असतो. रक्कम फार मोठी नसते आणि पालक ती निमूटपणे भरतात. ग्रंथालयाचे शुल्क भरणारा विद्यार्थी निदान परीक्षेच्या तोंडावर तरी ग्रंथालयाची पायरी चढतो. जिमखान्याचे शुल्क भरणाऱ्यांपैकी कित्येकांना मात्र पदवी घेऊन बाहेर पडेपर्यंत जिमखान्याचे दार कोणत्या बाजूला आहे, हेही ठाऊक नसते. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत उतरणारे कबड्डीचे, खो-खोचे, क्रिकेटचे संघ आणि दोन-चार मल्ल वा धावपटू एवढ्यांपुरताच तो चालतो. शेकडो मुलामुलींनी पैसे भरावेत आणि मूठभरांनी खेळावे, यात कुणालाच काही गैर वाटत नाही. याचे कारण उघड आहे. सुदृढ शरीर ही ज्याची त्याची खासगी बाब आहे, असे आपल्या शिक्षणव्यवस्थेने केव्हाच ठरवून टाकले आहे.

विद्यार्थ्यांच्या प्रकृतीविषयी बोलणारे पुष्कळ आहेत. वार्षिक समारंभाच्या व्यासपीठावरून 'शरीरमाद्यं खलु धर्मसाधनम्' हे वचन दरवर्षी ऐकविले जाते. तरुण मुले मोबाइलमध्ये डोके घालून बसतात, रात्री जागतात, वडापाव खातात आणि व्यायामाचा कंटाळा करतात, अशी तक्रार घरोघरी होते. ही तक्रार सर्वस्वी खोटी नाही. परंतु विद्यार्थ्याचा दिवस कोण आखतो, तो काय खातो हे कोण ठरवितो आणि त्याला धावण्यासाठी जागा कोण देतो, हे प्रश्न मात्र फारसे कुणी विचारीत नाही. ते विचारल्याखेरीज हा विषय उपदेशाच्या पलीकडे जाणार नाही.

हे वय महत्त्वाचे का?

सतरा ते बावीस या वयात शरीराला काहीही सोसते, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. वरवर पाहता ती खरी वाटते. रात्रभर जागून सकाळी परीक्षेला बसता येते, दोन दिवस चहा-बिस्किटांवर काढता येतात. पण सोसणे आणि नुकसान न होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. हाडांची घडण विशीपर्यंत बव्हंशी पुरी होते आणि पंचविशी-तिशीच्या सुमारास ती कमाल मर्यादा गाठते. त्यानंतर ही पुंजी वाढत नाही, उत्तरोत्तर खर्च होत जाते. शिवाय घर सोडून वसतिगृहात वा भाड्याच्या खोलीत राहण्याची वेळ अनेकांवर याच वयात प्रथम येते. केव्हा झोपावे, काय खावे, किती चालावे याच्या ज्या सवयी या चार-पाच वर्षांत जडतात, त्या पुढे नोकरीत आणि संसारात सहसा सुटत नाहीत.

पुढे काय वाढून ठेवले आहे, याचे अंदाज आता उपलब्ध आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असून आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासाच्या अंदाजाप्रमाणे २०२२ मध्ये भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करीत नव्हते. पुरुषांमध्ये हे प्रमाण ४२ टक्के होते, तर स्त्रियांमध्ये ५७ टक्के. ही सवय प्रौढपणीच लागते असेही नाही. ११ ते १७ या वयोगटातील ८१ टक्के मुलेमुली पुरेशी हालचाल करीत नाहीत, असे २०१६ सालच्या जगभरच्या माहितीवरून दिसून आले होते. कनिष्ठ महाविद्यालयाच्या बाकावर बसणारा विद्यार्थी या गटातलाच आहे.

आणि अपेक्षा तरी केवढी आहे? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अठरा वर्षांवरील व्यक्तीने आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा, म्हणजे झपझप चालावे, सायकल चालवावी किंवा तत्सम काही करावे. आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारा व्यायाम करावा. आठवड्याचे पाच दिवस रोज अर्धा तास, इतकाच हा हिशेब आहे. जोर, बैठका आणि सूर्यनमस्कार यांना सतरंजीएवढी जागा पुरते. तरीही हे घडत नसेल, तर कारण केवळ आळसात शोधणे हा प्रश्नाला बगल देण्याचा प्रकार होय.

विद्यार्थ्याचा दिवस

तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या मुलाचा दिवस पाहावा. पहाटे उठून तो एसटी गाठतो, सकाळचे तास उरकतो, आणि परतीची गाडी चुकू नये म्हणून शेवटची घंटा होताच धावत सुटतो. शहरातला विद्यार्थी लोकलच्या गर्दीत दोन तास उभा राहतो, महाविद्यालयातून शिकवणीला जातो आणि शिकवणीहून अर्धवेळ नोकरीला. पुण्याच्या पेठांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी हजारो मुले अभ्यासिकेच्या खुर्चीत दहा-दहा, बारा-बारा तास बसून असतात. महिन्याच्या खाणावळीत जे ताटात पडेल ते खायचे, आणि गावाकडून येणारे पैसे पुरवायचे म्हणून कधी एक वेळचे जेवण चहावर भागवायचे, हा त्यांच्यापैकी अनेकांचा परिपाठ असतो. यांना व्यायामाचे महत्त्व ठाऊक नाही असे कोण म्हणेल? व्यायाम कोठे बसवावा, हे त्यांना ठाऊक नाही.

झोपेचीही हीच कथा आहे. अठरा ते पंचवीस या वयात सात ते नऊ तासांची झोप आवश्यक मानली जाते. दिवसा वाचलेले मनात पक्के होण्याच्या कामी झोपेचा मोठा वाटा असतो. सबब, जागरण करून वाचणारा विद्यार्थी एका हाताने मिळविलेले दुसऱ्या हाताने गमावीत असतो. मोबाइलने या जागरणात भर घातली आहे, हे निर्विवाद. परंतु पहाटे साडेपाचला घर सोडावे लागणाऱ्या आणि रात्री दहाला घरी पोहोचणाऱ्या मुलाला लवकर निजण्याचा उपदेश करणे म्हणजे त्याची थट्टा करण्यासारखेच आहे.

आळस की अशक्तपणा?

मुलींच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर होतो. २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयोगटातील ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. त्याच वयाच्या मुलांमध्ये हे प्रमाण ३१ टक्के होते. महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाने ग्रासलेल्या असल्याचे त्याच पाहणीने दाखविले. पुढारलेले म्हणविणाऱ्या राज्यातील महाविद्यालयात प्रत्येक दुसऱ्या बाकावर बसलेली मुलगी कदाचित याच स्थितीत असेल.

रक्तातील हिमोग्लोबिन कमी झाले म्हणजे जिना चढताना धाप लागते, डोके दुखते, वाचलेले ध्यानात राहत नाही, दुपारच्या तासाला डोळे मिटू लागतात. प्राध्यापकांना ती मुलगी मठ्ठ वाटते आणि घरच्यांना आळशी. तिची साधी रक्ततपासणी करावी, हे मात्र कुणाला सुचत नाही. मासिक पाळीतील रक्तस्राव, सर्वांचे झाल्यावर उरलेसुरले जेवण्याची घराघरांतील रीत आणि पालेभाज्या व कडधान्ये यांची ताटातील टंचाई अशी या अशक्तपणाची अनेक कारणे आहेत. जेवणालगत घेतलेला चहा अन्नातील लोह शरीरात शोषू देत नाही, तर लिंबू वा आवळा त्या कामी मदत करतो. एवढी साधी गोष्ट ठाऊक असली तरी काही फरक पडतो. पण केवळ आहाराने भागेलच असे नाही. तपासणी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावयाच्या लोहाच्या गोळ्या यांची जोड त्याला द्यावी लागते. अशा मुलीला आधी रक्त द्यावे की मैदानावर धावण्याचा आग्रह करावा, याचा विवेक व्यायामाचा पुरस्कार करणाऱ्यांनीही बाळगला पाहिजे.

मैदानाच्या बाबतीतही मुलींच्या वाट्याला उपेक्षाच येते. अनेक ठिकाणी मैदान असते, पण त्यावर मुलांचा क्रिकेटचा खेळ कायम मांडलेला असतो. कपडे बदलण्यास खोली नसते, स्वच्छतागृहात पाणी नसते, आणि संध्याकाळ झाली की घरून बोलावणे येते. मुली खेळत नाहीत, असा शेरा मारण्यापूर्वी त्यांना खेळू देण्याची सोय केली आहे काय, हे पाहणे न्यायाचे ठरेल.

महाराष्ट्राची परंपरा

वास्तविक शरीराची उपासना ही सार्वजनिक जबाबदारी आहे, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली आणि १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम उभारले आणि योगाभ्यासाला प्रयोगशाळेची कसोटी लावली. त्याच वर्षी पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी महाराष्ट्रीय मंडळाचा पाया घातला. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा स्वतःच्या आचरणातून प्रसार केला आणि संस्थानच्या शाळांतून तो करवून घेतला. साताऱ्यास १९४७ साली छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढताना कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' या तत्त्वातून अंगमेहनतीला शिक्षणात मानाचे स्थान दिले. या सर्वांचे मार्ग निरनिराळे होते. पण तरुणाने आपले शरीर आपल्या सवडीने आणि आपल्या खर्चाने सांभाळावे, असे त्यांच्यापैकी कुणी म्हटले नाही.

खाशाबा जाधवांचे उदाहरण येथे बोलके आहे. १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले, आणि स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले. खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. त्यांच्या हेलसिंकीच्या प्रवासासाठी पैसे कमी पडले, तेव्हा त्या महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. पदक जिंकणारा मल्ल महाराष्ट्राच्या स्मरणात राहिला, घर गहाण टाकणारा प्राचार्य विसरला गेला. विद्यार्थ्याच्या शरीरसामर्थ्याची चिंता वाहणे हे प्राचार्याचेच काम आहे, असे मानणारा तो माणूस होता.

या परंपरेचे गुणगान करताना तिची उणीव झाकण्याचेही कारण नाही. तालमीची लाल माती सामान्यतः मुलांसाठी होती. मुलींना तिचे दार बंद होते. आणि तालमीचा भर जिंकणाऱ्या मल्लावर राहिला, त्यामुळे साधारण प्रकृतीचा मुलगा तिच्यापासून दूरच राहिला. आजच्या महाविद्यालयांनी तालमीचे औदार्य घेतले नाही; संघापुरते पाहण्याची तिची मर्यादा मात्र जशीच्या तशी उचलली.

पोकळी भरून काढणारे

महाविद्यालयाने अंग काढून घेतल्यामुळे निर्माण झालेली पोकळी बाजाराने भरून काढली, हे ओघानेच आले. गल्लोगल्ली जिम उघडल्या आहेत. त्यांत जाणे वाईट नाही. चांगला शिक्षक असेल तर त्यापासून लाभच होतो. परंतु तेथे अनेकदा आरोग्यापेक्षा आरशाला महत्त्व येते, आणि तीन महिन्यांत पीळदार दंड मिळविण्याच्या हव्यासातून महागड्या प्रोटीन पावडरींचे डबे विकत घेतले जातात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शिकेत शरीर कमावण्यासाठी अशी पूरके घेऊ नयेत, असा स्पष्ट सल्ला दिला आहे.

हिशेब मांडून पाहिला तर या सल्ल्यातील तथ्य पटते. प्रौढ व्यक्तीला दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ५५ किलो वजनाच्या विद्यार्थ्याला सुमारे ४६ ग्रॅम. दिवसभरात दीडशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकऱ्या, साठ ग्रॅम डाळ वा कडधान्य, मूठ-दोन मुठी म्हणजे पन्नास ग्रॅम शेंगदाणे आणि एक पेला दूध एवढे पोटात गेले, की ही गरज जवळजवळ भागते. एखादे अंडे मिळाले तर उत्तमच. भाकरी, उसळ, शेंगदाण्याची चटणी आणि ताक हे आजीच्या हातचे जेवण या हिशेबात चांगलेच उतरते. दुर्दैव असे, की महाविद्यालयाच्या उपाहारगृहात वडापाव, सामोसा आणि बाटलीबंद गोड पेये मिळतात; उसळ, उकडलेली अंडी वा भाजलेले चणे-शेंगदाणे अभावानेच दिसतात.

पावडरीहून भयंकर गोष्टीही या पोकळीत शिरल्या आहेत. मेफेन्टरमाइन हे इंजेक्शन शस्त्रक्रियेच्या वेळी घसरलेला रक्तदाब वर आणण्यासाठी डॉक्टर वापरतात. व्यायामाचा दम वाढावा म्हणून ते तरुणांना चोरून विकले जात असल्याची प्रकरणे गेल्या काही वर्षांत राज्यात उघडकीस आली आहेत. त्याचा थेट परिणाम हृदयावर होतो, हे विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारीत नाही.

दुसरीकडे, पोलीस भरतीची जाहिरात निघाली की गावोगावची मैदाने पहाटे गजबजून जातात. तरुण मुले आळशी आहेत, या आरोपाला याहून चोख उत्तर कोणते? कारण मिळाले आणि जागा मिळाली तर ती अंधारात उठून धावतात. पण भरतीपुरते धावणे आणि वर्षानुवर्षे धावणे यांत मोठे अंतर आहे. २०१४ च्या जून महिन्यात मुंबईत पोलीस भरतीच्या धावण्याच्या चाचणीत काही उमेदवारांना प्राण गमवावे लागले. चाचणीची वेळ, ऊन आणि व्यवस्था यांवर तेव्हा टीका झाली, पुढे धावण्याचे अंतरही कमी करण्यात आले. मात्र पदवीपर्यंतची तीन-चार वर्षे ज्यांच्या शरीराकडे कुणी पाहिलेच नाही, अशा मुलांना एकाएकी नोकरीसाठी जिवाच्या आकांताने धावावे लागते, हा मूळ प्रश्न शिल्लकच राहिला.

काय करता येईल?

शासन आणि विद्यापीठे यांनी काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. २०१९ साली 'फिट इंडिया' चळवळ सुरू झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पदवी अभ्यासक्रमाच्या आराखड्यात आरोग्य, योग आणि क्रीडा यांना मूल्यवर्धित विषयांत स्थान दिले. आता या विषयांना श्रेयांक मिळतात. ही चांगली गोष्ट आहे, पण तिच्यात एक धोका दडलेला आहे. जे गुणपत्रिकेत येते ते लवकरच नोंदवहीत उतरते आणि नोंदवहीतच राहते. सूर्यनमस्कार न घालता सूर्यनमस्काराचे जर्नल पूर्ण करणारा विद्यार्थी आणि त्यावर सही करणारा प्राध्यापक असे चित्र उद्या दिसू लागले, तर सुधारणेचे समाधान मिळेल, आरोग्य मिळणार नाही.

यापेक्षा चार साध्या गोष्टी प्रत्येक महाविद्यालयाने कराव्यात. पहिली, वेळापत्रकात आठवड्यातून निदान तीन वेळा असा तास राखावा, ज्या तासाला व्याख्यान नाही, प्रात्यक्षिक नाही आणि जादा वर्गही नाही. तो दिवसाच्या मध्यावर असावा, म्हणजे एसटीने येणारी मुलेमुलीही त्याला मुकणार नाहीत. दुसरी, मैदान संघांच्या सरावाखेरीजच्या वेळात सर्वांना खुले असावे आणि त्यातील काही वेळ केवळ मुलींसाठी असावा. जेथे मैदान नाही तेथे गच्ची, सभागृह अथवा जवळची शाळा यांचा उपयोग करावा. तिसरी, उपाहारगृहाचा ठेका देताना उसळ, अंडी, शेंगदाणे, ताक आणि फळे माफक दरात ठेवण्याची अट घालावी व पिण्याच्या स्वच्छ पाण्याची सोय पाहावी. चौथी, प्रवेशाच्या वेळी प्रत्येकाची उंची, वजन, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तपासावे व वर्षअखेरीस पुन्हा पाहावे. राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक आणि जवळचे सरकारी रुग्णालय यांच्या साहाय्याने हे काम अल्प खर्चात होण्याजोगे आहे. तपासणीचा निकाल मात्र ज्याचा त्याला आणि एकट्यालाच सांगावा. फलकावर लावून कुणाची चेष्टा होऊ देऊ नये.

यासाठी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक हवा, हे निराळे सांगण्याची गरज नाही. हे पद वर्षानुवर्षे रिकामे ठेवायचे, किंवा त्या शिक्षकाला परीक्षेच्या बैठकव्यवस्थेच्या आणि प्रवेश-अर्जांच्या कामाला जुंपायचे, ही पद्धत थांबली पाहिजे. त्याच्या कामाचे मोजमाप किती ढाली मिळाल्या यावर न करता, आदल्या वर्षी मैदानावर न येणारी किती मुलेमुली या वर्षी येऊ लागली, यावर करावे.

विद्यार्थ्यांनाही आपला वाटा उचलावा लागेल. दोन थांबे अलीकडे उतरून चालत जाणे, अभ्यासिकेत दर तासाला उठून पाच मिनिटे फिरणे, निजताना मोबाइल हाताच्या अंतरावर न ठेवणे, जेवणानंतरचा चहा तासभर पुढे ढकलणे यांपैकी कशालाही पैसे लागत नाहीत. पालकांनी शिकवणीच्या शुल्काइतकाच मुलीच्या ताटातील भाजीचा विचार करावा, आणि मैदानावर जाणे म्हणजे वेळ वाया घालविणे नव्हे, हे स्वतःला पटवून द्यावे.

आज एकोणीस वर्षांची असलेली मुलगी आणखी वीस वर्षांनी कुठल्या तरी शाळेत शिकवीत असेल, कचेरीत टेबल सांभाळत असेल, घर चालवीत असेल. तेव्हा तिच्या हाडांत बळ असेल की नाही, जिना चढताना तिला धाप लागेल की नाही, हे बऱ्याच अंशी आजच्या वेळापत्रकात आणि आजच्या उपाहारगृहात ठरत आहे. महाविद्यालय तिला पदवी देईल. ती पदवी पेलण्याइतके शरीर तिच्यापाशी उरावे, ही अपेक्षा तिने कुणाकडे करायची, याचे उत्तर महाविद्यालयांनी द्यावयाचे आहे.